डिसेंबर-जानेवारीत मुंबई-ठाण्यात कोणती नाटके लागणार, हे आधी कसे कळावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : शिकागोजवळ राहणारे आपण १५ डिसेंबर ते २४ जानेवारी या काळात डोंबिवलीला आई-वडिलांकडे येणार आहात, तिघांना मिळून चार-पाच नाटके पाहायची आहेत, आणि तिकडची नाट्यगृहे जसा वर्षभराचा कार्यक्रम आधीच जाहीर करतात तसा मुंबई-ठाण्यातल्या नाट्यगृहांचा कार्यक्रम कुठे मिळेल व ऑगस्टमध्येच तिकिटे काढून ठेवता येतील का, हे आपल्याला हवे आहे. गेली बावीस वर्षे मी व्यावसायिक नाटकांचा व्यवस्थापक म्हणून काम करतो. तारखा मिळवणे, जाहिरात देणे, प्लॅन (म्हणजे ज्यावरून तिकिटे विकतात तो आसनांचा नकाशा) उघडणे आणि प्रयोगाच्या रात्री हिशेब मिटवणे हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजतो. उत्तर मात्र आपल्याला प्रथम निराश करील. ऑगस्टमध्ये डिसेंबरच्या नाटकांची यादी कुणाकडेच नसते, कारण तशी यादी करण्याचे काम इथे कुणाचेच नाही.

आपण ज्या पद्धतीला सरावलेले आहात तिच्यात नाट्यगृह ही स्वतःच नाट्यसंस्था असते. ती नाटक निवडते, नट ठरवते आणि महिना-दीड महिना ते एकाच जागी लावते. आपल्याकडे नाट्यगृह भाड्याने मिळते. ते बहुधा महापालिकेचे, क्वचित सरकारचे किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेचे असते, आणि तिथे कोणते नाटक व्हावे याच्याशी मालकाचा संबंध भाड्यापुरताच असतो. नाटक निर्मात्याचे असते, आणि ते टेम्पोत बसून गावभर फिरते : शनिवारी दादरला, रविवारी दुपारी पार्ल्याला, त्याच रात्री ठाण्याला, पुढच्या आठवड्यात पुण्याला किंवा नाशिकला. त्यामुळे ‘अमुक नाट्यगृहात काय लागणार आहे’ या प्रश्नापेक्षा ‘अमुक नाटक आपल्या जवळ कधी येणार आहे’ हा प्रश्न इथे नेहमी अधिक फलदायी ठरतो.

हे फिरणे मुळात प्रेक्षकांच्या फिरण्यातून आले आहे. मराठी नाटकाचा प्रेक्षक एके काळी गिरगावात होता आणि साहित्य संघ मंदिर ही त्याची हक्काची जागा होती. पुढे तो दादरला आला. १९६५ साली उभे राहिलेले शिवाजी मंदिर त्यानंतर कित्येक दशके या धंद्याचे केंद्र होते, आणि नव्या नाटकाचे खरे मोजमाप तिथेच होते असे मानणारी मंडळी आजही आहेत. घरांचे भाव वाढत गेले तसा हा प्रेक्षक पार्ले, बोरिवली, मुलुंड, ठाणे असा सरकत डोंबिवली, कल्याण, वाशी आणि पनवेलपर्यंत पोहोचला. पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे महाकवी कालिदास, ठाण्याचे १९७८ पासूनचे गडकरी रंगायतन, घोडबंदर रस्त्याकडचे काशिनाथ घाणेकर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, वाशीचे विष्णुदास भावे, पनवेलचे वासुदेव बळवंत फडके ही सगळी नाट्यगृहे म्हणजे त्या स्थलांतराचा नकाशाच आहे. आपले आई-वडील डोंबिवलीला आहेत म्हणून नाटकासाठी दादर गाठलेच पाहिजे असे आता उरलेले नाही. नाटक स्वतःच त्यांच्याकडे येते, फक्त ते कधी येणार हे हेरावे लागते.

आता तारखांचे गणित सांगतो, कारण सगळी अनिश्चितता तिथून उगम पावते. बहुतेक नाट्यगृहांत निर्माते साधारणपणे तीन-तीन महिन्यांसाठी अर्ज करतात आणि व्यवस्थापन सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रे त्यांच्यात वाटून देते. शनिवार-रविवारवर सगळ्यांचाच डोळा असतो. जुन्या, सातत्याने प्रयोग करणाऱ्या संस्थांना त्या तारखा मिळतात आणि नवख्या निर्मात्याच्या वाट्याला मंगळवारची रात्र येते. हे वाटप झाले म्हणजे कार्यक्रम ठरला असे मात्र नाही. तारीख संस्थेच्या नावावर असते, नाटकाच्या नावावर असतेच असे नाही. ज्या निर्मात्याची तीन नाटके चालू आहेत, तो हातातल्या रविवारी कोणते नाटक लावायचे हे नटांच्या तारखा जुळवून फार उशिरा ठरवतो. नट मालिकांत अडकलेले असतात. मालिकेच्या करारात रविवारची सुट्टी लिहून घेतलेली असली तरी एखाद्या आठवड्यात भागांचा साठा संपतो आणि नेमक्या त्या रविवारी चित्रीकरण लागते. मग दोन निर्माते आपसांत तारखा बदलून घेतात, आणि ज्या रविवारी विनोदी नाटक पाहायला जायचे आपण ठरवलेले असते त्या रविवारी तिथे कौटुंबिक नाटक लागलेले दिसते. यात कुणाची फसवणूक नसते; रोज उठून सात-आठ माणसांच्या वेळा जुळवण्याचा तो परिणाम आहे.

शिवाय महापालिकेच्या नाट्यगृहांत शासकीय कार्यक्रमासाठी ठरलेली तारीख काढून घेतली जाण्याची शक्यता असते, आणि निवडणुकांच्या दिवसांत कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी सभागृहे लागतात. एका वर्षी माझ्या नव्या नाटकाचा दुसराच प्रयोग तीन दिवस आधी असा रद्द झाला. जवळजवळ चारशे तिकिटे गेलेली होती. त्या काळी खिडकीवर तिकीट काढणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक प्लॅनच्या कडेला लिहून ठेवण्याची आमच्या बुकिंगवाल्यांची सवय होती, तिच्यामुळे मी आणि बुकिंगवाला अशा दोघांनी मिळून दोन दिवस लोकांना फोन केले. तरीही प्रयोगाच्या दिवशी चाळीस-पन्नास माणसे दारात आली, आणि त्यांना तोंड द्यायला मी फाटकाशी उभा होतो. हे सांगण्याचे कारण एवढेच की आपण निघण्यापूर्वी, विशेषतः वडीलधाऱ्यांना घेऊन निघण्यापूर्वी, प्रयोग होणार आहे ना याची त्या दिवशी सकाळी खात्री करून घ्यावी.

मग आधी कळते ते काय? नव्या नाटकांच्या बाबतीत मुहूर्त हा पहिला धागा आहे. नारळ फुटला, संहितेचे पूजन झाले, छायाचित्र निघाले, की ती बातमी वृत्तपत्रांत आणि समाजमाध्यमांवर येते. तालमी साधारण महिना ते दीड महिना चालतात; त्या काळातच संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे आमच्या भाषेत सेन्सॉरला, जाते, कारण त्या प्रमाणपत्राशिवाय व्यावसायिक प्रयोग लावता येत नाही. म्हणून ज्या नाटकाचा मुहूर्त ऑक्टोबर संपता संपता झाल्याचे आपण वाचाल, ते डिसेंबरच्या मध्यावर रंगमंचावर येईल असा अंदाज बांधायला हरकत नाही. पितृपक्षात शुभारंभ सहसा टाळतात. गणपतीत मुंबईचा प्रेक्षक कोकणात गेलेला असतो किंवा आरत्यांत गुंतलेला असतो. दिवाळीपासून मात्र धंद्याला बहर येतो, आणि नाताळच्या सुट्टीपासून जानेवारी संपेपर्यंतचे दिवस तर उत्तमच. मार्च उजाडला की परीक्षा येतात आणि एप्रिल-मेमध्ये बालनाट्यांचा जोर असतो. आपण अजाणता का होईना, योग्य महिने निवडले आहेत.

चालू नाटकांसाठी शनिवार-रविवारच्या मराठी वृत्तपत्रांतली नाटकांच्या जाहिरातींची पाने हेच आजही सर्वांत पूर्ण साधन आहे, आणि ती वाचण्याची एक विद्या आहे. ‘शुभारंभाचे प्रयोग’ याचा अर्थ पहिले चार-पाच प्रयोग. नवलाई म्हणून ते पाहावेत, पण नाटक अजून ओले असते. प्रवेशांची लांबी, नेपथ्य बदलण्याची गती, हशा कुठे येतो आणि नटाने तिथे किती थांबायचे, हे प्रेक्षकांसमोर उभे राहिल्यावरच कळते. माझे मत विचाराल तर नाटक दहाव्यापासून चाळिसाव्या प्रयोगापर्यंत सर्वांत चांगले असते. पुढे काही नटांच्या अंगात ते मुरते आणि काहींच्या अंगात साचते. जाहिरातीत प्रयोगाचा क्रमांक दिलेला असेल तर तो अवश्य पाहावा. ‘अखेरचे काही प्रयोग’ आणि ‘मोजकेच प्रयोग’ या दोन शब्दप्रयोगांवर मात्र फारसा विश्वास ठेवू नये. ते मी स्वतः छापलेले आहेत आणि त्यानंतर सत्तर प्रयोगही केलेले आहेत. ‘लोकाग्रहास्तव’ हा शब्द आला की मागचा प्रयोग बरा गेला एवढे धरून चालावे. नटांची नावे मात्र नीट वाचावीत, कारण दीर्घकाळ चालणाऱ्या नाटकात भूमिकांची बदली होते, आणि ज्यांच्यासाठी आपण जातो ते कदाचित सहा महिन्यांपूर्वीच बाहेर पडलेले असतात.

पुनरुज्जीवित नाटकांबद्दल दोन शब्द. हल्ली जुनी गाजलेली नाटके नव्या संचात आणण्याचा ओघ मोठा आहे. १९९१ सालचे ‘चारचौघी’ त्याच दिग्दर्शकाने, चंद्रकांत कुलकर्णी यांनी, २०२२ मध्ये पुन्हा रंगमंचावर आणले आणि ते नव्या पिढीनेही उचलून धरले. याउलट ‘सही रे सही’सारखे २००२ साली आलेले नाटक थांबत-थांबत का होईना, त्याच मुख्य नटाच्या जोरावर चालत राहते. आपल्या आई-वडिलांनी मूळ प्रयोग पाहिला असेल तर त्यांना जुन्या नाटकाच्या नव्या संचाला नेण्याआधी विचारावे. काहींना ती आठवण तशीच ठेवायची असते.

तिकिटांचे म्हणाल तर प्लॅन प्रयोगाच्या साधारण आठवडा-दहा दिवस आधी उघडतो, त्यापूर्वी पैसे घेऊन कुणी काही देत नाही. बुकमायशो आणि मराठी नाटकांकडे विशेष लक्ष देणारे तिकिटालय यांवर बहुतेक प्रयोग दिसतात, तेव्हा परदेशातूनही आसने निवडता येतील. पण सगळा प्लॅन तिथे नसतो. काही रांगा खिडकीसाठी ठेवलेल्या असतात, आणि पुढची काही आसने निमंत्रितांसाठी राखून ठेवण्याची रीत सगळीकडेच आहे. ती आसने अनेकदा रिकामी राहतात आणि प्रयोगाला अर्धा तास उरला की व्यवस्थापक ती विक्रीला सोडतो. ‘हाऊसफुल्ल’चा फलक लागलेला असतानाही खिडकीपाशी शांतपणे उभ्या राहिलेल्या माणसाला मी कितीदा तरी तिसऱ्या रांगेत बसवले आहे. बहुतेक नाटकांचा वरचा दर ५०० रुपयांवर का अडकलेला दिसतो, याचेही एक साधे कारण आहे : पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर लागत नाही आणि ती रेषा ओलांडली की लागतो.

आसने निवडताना आई-वडिलांचा विचार आधी करावा. पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावे लागते. मला पाचवी ते दहावी रांग, मधल्या वाटेच्या कडेची आसने, ज्येष्ठांसाठी सर्वांत बरी वाटतात. बाल्कनीचे तिकीट स्वस्त असते, परंतु जिने चढावे लागतात आणि हलक्या आवाजातले संवाद सगळीकडे सारखे पोहोचत नाहीत. दुपारचा प्रयोग घ्यावा. रात्री साडेआठचे नाटक मध्यंतर धरून अकराच्या पुढे सुटते, आणि त्या वेळी नाट्यगृहाबाहेर रिक्षा मिळवणे हा वेगळाच प्रयोग असतो.

दुपारच्या प्रयोगाचा एक फायदा प्रेक्षकांना ठाऊक नसतो. रविवारी आमचे दोन प्रयोग असतात तेव्हा समजा दुपारी चारचा पार्ल्याला आणि रात्री साडेआठचा ठाण्याला आहे. पडदा साडेसहाच्या सुमारास पडतो. प्रेक्षक अजून टाळ्या वाजवत असतात आणि पडद्यामागे रंगमंच कामगारांनी दिवाणखान्याच्या भिंतीचे खिळे काढायला सुरुवात केलेली असते. सोफा, खिडकीची चौकट, खोटे झुंबर, कपडेपटाच्या पेट्या अर्ध्या-पाऊण तासात टेम्पोत चढतात. नट रंग न पुसताच बसमध्ये बसतात. द्रुतगती मार्गावर गाड्या खोळंबल्या की माझा जीव टांगणीला लागतो, कारण ठाण्याच्या दारात आठपासून हजारभर माणसे उभी असतात आणि आत मंचावर अजून एक पाटही लागलेला नसतो. अशा रात्री पहिली घंटा उशिरा होते, प्रकाशयोजना घाईत जुळवलेली असते आणि नटांचा पहिला अंक श्वास सावरण्यात जातो. जाहिरातीत एकाच दिवशी एकाच नाटकाची दोन नाट्यगृहे दिसली तर दुपारचे निवडावे, एवढे मी घरच्या माणसांनाही सांगतो.

व्यावसायिक नाटकापलीकडेही या शहरात बरेच काही असते आणि तिथे आधी कळण्याची सोय थोडी बरी आहे. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ पासून चालू आहे. सुमारे दोनशे आसनांच्या त्या जागेत प्रेक्षक तिन्ही बाजूंनी नटांच्या हाताच्या अंतरावर बसतो, आणि तिथला कार्यक्रम महिनाभर आधी पाहायला मिळतो. हिंदी-इंग्रजी नाटके अधिक असली तरी मराठीही असतात. नरीमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचे वेळापत्रक तर आपल्या सवयीचेच वाटेल. वर्सोव्याच्या आरामनगरात बंगल्यांमधल्या छोट्या खोल्यांत तरुण मंडळी पन्नास-साठ माणसांसमोर प्रयोग करतात. पूर्वी दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांचे जे चालत असे त्याचे ते आजचे भावंड म्हणता येईल, फक्त भाषा अनेक आहेत. प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर आणि ठाण्याचे गडकरी रंगायतन ही दोन्ही नाट्यगृहे नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये पुन्हा उघडली. मासुंदा तलावाच्या काठावरचे गडकरी बंद होते तेव्हा ठाणेकरांची जी चुटपूट झाली ती मी जवळून पाहिली आहे.

एक गोष्ट कुठल्याच संकेतस्थळावर दिसणार नाही. लालबाग-परळच्या कोकणी मंडळांचे नमन, जाखडी हे लोककलाप्रकार आणि गावकऱ्यांनी बसवलेली नाटके यांचे प्रयोग या शहरात होत असतात. परळचे दामोदर नाट्यगृह हे त्यांचे माहेरघर. ते पुनर्विकासासाठी बंद झाल्यापासून ही मंडळी साहित्य संघ आणि इतर नाट्यगृहांत विखुरली आहेत. त्यांची जाहिरात वृत्तपत्रात येत नाही, नाक्यावरच्या फलकावर आणि गाववाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत येते. आपल्या ओळखीत एखादे रत्नागिरी-राजापूरकडचे कुटुंब असेल तर त्यांना विचारा.

आपल्या सहा आठवड्यांची मी अशी आखणी करीन. नोव्हेंबरपासून चार-पाच निर्मितीसंस्थांच्या समाजमाध्यमांवरच्या पानांवर नजर ठेवावी आणि मुहूर्ताच्या बातम्या टिपून ठेवाव्यात. डिसेंबर उजाडला की आई-वडिलांना रविवारचे वृत्तपत्र ठेवायला सांगावे, जाहिरातीचे पान छायाचित्र काढून मागवावे, आणि पोहोचल्यानंतरचा पहिला रविवार डोंबिवली किंवा कल्याणच्या दुपारच्या प्रयोगासाठी राखावा. मात्र ही नाट्यगृहे अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतात, ते आधी विचारून घ्यावे. एक संध्याकाळ शिवाजी मंदिरला द्यावी, निदान मध्यंतरातल्या बटाटेवड्यासाठी तरी. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी त्या दिवसांत मुंबई केंद्रावर चालू असेल तर नाममात्र दरात हौशी संघांचे एखादे नाटक पाहावे. फसण्याची तयारी ठेवावी, पण एखाद्या वेळी जे हाती लागते ते व्यावसायिक मंचावर दिसत नाही.

राहता राहिली आपल्या परतीची तारीख. चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटे संपते. वर्षभरात निरनिराळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे एकमेकींसमोर उभ्या राहतात, आणि आमच्या धंद्यातले अर्धेअधिक लोक पुढच्या दोन वर्षांचे लेखक, दिग्दर्शक आणि नट हेरायला त्या रात्री जागे असतात. येऊ घातलेली नाटके म्हणून आपण जे शोधत आहात, त्याचे बी तिथे दिसते. आपले विमान २४ तारखेचे आहे असे आपण लिहिले आहे. ते तीन दिवसांनी पुढे ढकलता येत असेल तर पाहावे, आणि त्या रात्रीच्या तिकिटासाठी मात्र खिडकी उघडण्याच्या दिवशीच वडिलांना रांगेत उभे करू नये, स्वतः जावे.